टेम्पो चार वेळा बंद पडला

नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "हे चाव आणि सांग, कसलं आहे?"

हातात लाकडाची एक ढलपी होती, नखाएवढी, तांबूस. टेबलापलीकडे पंचावन्नच्या आसपासच्या एक बाई बसलेल्या. अंगात कॉटनचा कुडता, अंबाड्यात एक वाळकी काटकी खोचलेली. मी मार्कलिस्टांची फाइल घेऊन गेले होते, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात नीट लावलेलं. त्यांनी फाइलला हातही लावला नाही. मी ढलपी चावली.

"पानासारखं लागतंय," मी घाबरत घाबरत म्हटलं.

"पानासारखा नाय गो, कातासारखा. खैर आसा तो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "जीभ बरी आहे. उद्यापासून ये."

मी एमएस्सीला रसायनशास्त्रात कॉलेजात दुसरी आले होते. नोकरी मिळाली ती जिभेमुळे. ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही.

आमची लॅब म्हणजे कांजूरमार्गच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीतला तळमजल्याचा गाळा. डावीकडच्या गाळ्यात मसाले कुटायचे, उजवीकडे प्लास्टिकच्या बादल्या बनायच्या, आणि मध्ये आम्ही पाच जणं जंगलातल्या वाळक्या काटक्यांपासून गाडीत घालायचं तेल काढत होतो. मालक म्हणजे आमचे साहेब. दिंडोशीला त्यांचा रंगाचा कारखाना होता, तो चांगला चालला होता, आणि साठी जवळ आल्यावर माणसाला जसं काहीतरी मोठं करावंसं वाटतं तसं त्यांना वाटलं होतं. बाईंना त्यांनी कुठल्याशा कंपनीतून मागून आणलं होतं. येताना बाईंनी एकच अट घातली : झाड तोडून आणलेलं लाकूड गाळ्यात येणार नाही. पडलेलं, वाळलेलं, छाटणीत निघालेलं, तेवढंच.

काम सांगायला सोपं आहे. वाळक्या काटक्यांचा भुगा करायचा, आणि हवा अजिबात लागू न देता तो एकदम खूप तापवायचा. हवा नसली की लाकूड जळत नाही, त्याची वाफ होते. ती वाफ झटकन थंड केली की खाली काळपट तेल जमतं. हे तेल आंबट असतं, पाणचट असतं, इंजिनाला मानवत नाही. म्हणून ते दुसऱ्या यंत्रात हायड्रोजनबरोबर दाबाखाली शिजवायचं, म्हणजे त्यातला नको तो भाग निघून जातो आणि डिझेलचं सख्खं नाही तरी चुलत भावंड म्हणावं असं काहीतरी हाती येतं. सांगायला सोपं. करायला आम्हाला तीन वर्षं लागली होती आणि तरी ते पुरतं जमत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना "मॅडम" म्हटलं. त्यांनी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी आलंय का म्हणून. "मॅडम बँकेत असतात," त्या म्हणाल्या. "मला बाई म्हण. शाळेत म्हणायचीस ना? तसंच."

बाई कुडाळकडच्या. वडील गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. दसऱ्याला गिरणी कामगारांच्या बायकापोरांना आत सोडायचे, यंत्रांना झेंडूचे हार घातलेले असायचे. बाकीची पोरं पेढे खात हुंदडायची तेव्हा ही मुलगी बॉयलरच्या झडपेच्या भोकातून आत बघत उभी राहायची. "आग पुस्तकातून कळत नाय," असं त्या नेहमी म्हणायच्या. "बापाने सांगितलंन, आधी रंग बघ, मग काटा बघ. काटो कधी कधी खोटो बोलता." आणि खरंच, यंत्रावरचा आकडा बघायच्या आधी त्या काचेला डोळा लावायच्या. दोनदा तरी माझ्यासमोर असं झालं की आकडा बरोबर दिसत होता आणि बाई म्हणाल्या, "बंद करा, काहीतरी बिघडलंय," आणि खरोखरच मोजणारी तार जळालेली निघाली.

त्या मोठ्या यंत्राला, ज्यात भुगा तापवायचा, त्या सासूबाई म्हणत. स्वतः लग्न केलं नव्हतं. "घरी नाय म्हणून हाफिसात ठेवली," हे त्याचं स्पष्टीकरण. सासूबाईंना पाचशे डिग्रीच्या खाली ठेवलं तर त्या काही देत नाहीत आणि फार वर नेलं तर दिलेलं परत घेतात, म्हणजे तेलाचा गॅस होऊन उडून जातो. त्यामुळे गाळ्यात दिवसभर असं बोलणं चालायचं : "सासूबाई उठल्या का?" "सासूबाईंना आज साग घातलाय, त्यांना पचत नाही." बादलीवाल्याकडे नवीन लागलेला एक मुनीम आठवडाभर समजत होता की आम्ही आत एका म्हातारीला कोंडून ठेवलंय.

बाईंची प्रयोगाची वही मराठीत असायची. तीही अशीच. "आज सासूबाई रुसल्या. कारण कळलं नाही. दुपारी आपोआप ठीक." या वहीवरून इंग्रजी रिपोर्ट करायचं काम माझं. "रुसल्या"चं मी 'अनस्टेबल ऑपरेशन' करायचे. इंग्रजीत सगळंच कसं इस्त्री केल्यासारखं दिसायचं. बाई ते रिपोर्ट कधी वाचत नसत. शेवटचं पान उघडायच्या आणि सही करायच्या. "इंग्रजी तू बघ. माझा विश्वास आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी सांगत नाही, पण मला ते अजून आठवतं.

वाळक्या पानाकाटक्यांना गाळ्यात कोणी 'कचरा' म्हटलं तर त्याने त्या दिवशी भुग्याची खोली झाडायची, असा बाईंचा नियम होता. साहेब एकदा फोनवर कोणाला तरी सांगत होते, "आपण जंगलाच्या कचऱ्यापासून..." आणि मागून बाईंनी त्यांच्या हातात झाडू दिला. साहेबांनी फोन कानाला धरूनच दोन हात मारले. कांजूरमध्ये कचरा हा शब्द तसाही नाजूक. डम्पिंग ग्राउंड जवळ, वाऱ्याची दिशा फिरली की सगळ्यांची तोंडं वाकडी. आमच्या तेलाला धुरात टांगलेल्या सुक्या मासळीसारखा वास यायचा, केसांत बसला की दोन दिवस जायचा नाही. पण इस्टेटीत कोणी तक्रार केली की मसालेवाले काका डम्पिंगकडे बोट दाखवायचे. आमचं फावलं. फक्त मांजरं फसायची नाहीत. सकाळी शटरपाशी पाच-सहा तरी बसलेली असायची, आणि आत मासळी नाही हे कळल्यावर बाईंकडे अशी बघायची की त्यांना रोज अपराध्यासारखं वाटायचं.

बाई राहायच्या कांदिवलीला. बसने यायच्या, पण पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या झाडांची छाटणी सुरू झाली की त्यांचं काही खरं नसे. कुठे करवतीचा आवाज आला की त्या बसमधून उतरायच्या. "ह्याचं काय करणार? कुठे टाकणार? कडुनिंब वेगळा काढा, गुलमोहर नको मला, त्यात पाणी फार." एकदा सकाळी साडेनऊला इस्टेटीच्या फाटकातून फांद्यांनी भरलेला ट्रक आत आला आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवरून बाई उतरल्या, मांडीवर डबा, केसांत पानं. ड्रायव्हर मला म्हणाला, "तुमची मॅडम एकदम भारी आहे यार. जोगेश्वरीपासून मला झाडं शिकवत आणलंय."

"मॅडम नाही," मी म्हटलं.

"हो, ते पण बोलल्या मला."

तेल बाटलीत बरं दिसायला लागलं तेव्हा प्रश्न आला तो गाडीचा. साहेब म्हणाले, माझी जुनी गाडी घ्या, ड्रायव्हर देतो, एसीत बसून फिरा. बाई म्हणाल्या, एसीतल्या गाडीला काय कळतंय? ज्याची गाडी बंद पडली तर पोटावर पाय येतो त्याची गाडी द्या, तो खरं सांगेल.

अशी गाडी त्यांनी स्वतःच शोधली. मंगळाताई कोळीण. भांडुपला खाडीकडच्या जुन्या कोळीवाड्यात घर, पहाटे धक्क्यावरून मासळी उचलायची आणि सकाळी भांडुप-मुलुंडच्या बाजारात पोचवायची. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून टेम्पो ती स्वतः चालवायची. बाई तिच्या गिऱ्हाईक. दोघींचं नातं असं की आधी पंधरा मिनिटं भांडायच्या, मग बाई पापलेट घ्यायच्या.

बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. दर दहा लिटर डिझेलमागे एक लिटर आमचं तेल, त्याहून जास्त नाही. मंगळाताईने कमरेवर हात ठेवून ऐकलं.

"बाय, मना तुजं तेलबिल काय कलत नाय. पन माजी गारी बंद परली तर मी तुजे हाफिसान म्हावरं घेऊन बसन. तुजे टेबलावर."

"बस," बाई म्हणाल्या. "मी कोयता देते."

महिनाभर चाचण्या झाल्या. मी आणि बाई सकाळी टेम्पोत पुढे बसायचो, मंगळाताईच्या शेजारी दाटीवाटीने. माझ्या मांडीवर वही आणि पायाशी जास्तीचे फिल्टर. पहिले चार दिवस टेम्पो झकास पळाला. मंगळाताई म्हणायलाही लागली, की धूर कमी येतोय, आणि येतोय त्याला वास बरा येतोय. पाचव्या दिवशी भांडुपला हमरस्त्यावर, सकाळी साडेसातला, टेम्पोने दोन आचके दिले आणि गप्प झाला.

मागे गाड्यांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. आम्ही तिघींनी ढकलत टेम्पो कडेला घेतला. बाईंनी फिल्टर उघडला. आत काळा चिकट गोंद. बदलून दुसरा घातला तर लाइनमध्ये एअर धरलेली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकलेली, इंजिन चालू होईना. मंगळाताई एअर काढायला पान्याने खटपट करायला लागली आणि एकीकडे मागे बर्फ वितळत होता, पाण्याची धार रस्त्यावर.

"वाट लागली," मी म्हटलं.

"वाट कशाला लागतेय?" मंगळाताईने पाना माझ्या हातात दिला. "हे असं फिरवत ऱ्हा, बुडबुडे थांबंपरेंत. बाय, तू चल माजे संगती."

आणि तिने फुटपाथवर गोणपाट पसरलं, बांगड्यांच्या दोन टोपल्या उतरवल्या आणि समोरच्या टॉवरकडे तोंड करून अशी हाक दिली की चौथ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. बाई तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या. मी पान्याने स्क्रू सैल करतेय, घट्ट करतेय, आणि मागून बाईंचा आणि गिऱ्हाइकांचा आवाज येतोय :

"ताजो आसा, डोळे बघा त्येचे. माझ्या डोळ्यांपेक्षा साफ आसत."

"ओ काकी, कमी करा ना."

"कमी? तू माझ्या जागेवर बस आणि कमी कर."

पाऊण तासात दोन्ही टोपल्या संपल्या. टेम्पोही चालू झाला. मंगळाताई म्हणाली, बाजारात इतक्या लवकर कधी संपत नाही, उद्या परत बंद पाड. बाईंनी हात धुतले, वहीत काहीतरी लिहिलं, आणि तुंबलेला फिल्टर स्टीलच्या डब्यात घालून वर चिठ्ठी चिकटवली.

त्या महिन्यात टेम्पो असा एकूण चार वेळा बंद पडला. बाकी दिवस चांगला चालला.

मग साहेबांकडून निरोप आला. एका मोठ्या कंपनीची तीन माणसं येणार आहेत, पैसे घालायचा विचार आहे, दिंडोशीच्या कारखान्यावर मीटिंग. टेम्पो कांजूरवरून चालवत तिथपर्यंत आणायचा, त्यांच्या डोळ्यांसमोर. रिपोर्ट तयार ठेवा.

मी रिपोर्ट केला. त्यात एक तक्ता होता, टेम्पो कधी कुठे बंद पडला त्याचा. साहेबांनी तो बघितला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला आधी सांगायचंय. ते थकले होते. तीन वर्षं त्यांनी रंगाच्या कारखान्यातून हा गाळा चालवला होता आणि घरचेही आता विचारायला लागले होते.

"हे एवढं कशाला?" ते म्हणाले. "फिल्टर तर बदललाच आपण. किरकोळ आहे. हे बघून ती माणसं पुढचं पानच उलटणार नाहीत. काढून टाक ना. आणि बाईंना कशाला सांगतेस, त्या उगाच मनाला लावून घेतात."

मी तक्ता काढला. त्या जागी एक ओळ लिहिली : बंद पडण्याचे प्रसंग, निल. बाईंकडे नेला तेव्हा त्या भुग्याच्या खोलीत होत्या, भुवयांवर लाकडाची पूड. नेहमीप्रमाणे त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि सही केली. मला वाटलं होतं की आयत्या वेळी मी रिपोर्ट परत मागेन. मागितला नाही. तेच मला जास्त लागलं.

मीटिंगच्या दिवशी टेम्पो असा पळाला की काय सांगू. पवईचा चढ एका दमात. हायवेवर मंगळाताईने एका खासगी बसला मागे टाकलं आणि बाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. टेम्पो धुतलेला, पुढे झेंडूचा हार. मंगळाताई नऊवारी नेसून, अंगावर होतं नव्हतं ते सोनं घालून आलेली. दिंडोशीच्या फाटकात ती तीन माणसं उभी होती, दोन तरुण आणि एक पिकल्या केसांचे, जाड चष्म्याचे. ते बोलायला मराठी निघाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पिकल्या केसांच्या गृहस्थांनी सायलेन्सरजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाले, "सुकट भाजल्यासारखं येतंय."

"बोंबील," मंगळाताईने दुरुस्ती केली.

वर मीटिंग चांगली चालली. साहेब इतके खुशीत होते की दोनदा चहा मागवून झाला. तरुणांपैकी एकाने मोठ्या कारखान्याचं चित्रच स्क्रीनवर लावलं. मग पिकल्या केसांच्या गृहस्थांनी रिपोर्ट बोटाने चाळत सहज विचारलं, "महिनाभरात एकदाही बंद पडला नाही? या तेलाचा हा त्रास सगळीकडे होतो. तुम्ही काय केलंत?"

बाईंना कळेना. "कोण म्हणतं बंद पडला नाही?"

"इथे लिहिलंय. निल."

त्यांनी रिपोर्ट सरकवला. बाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग माझ्याकडे बघितलं. एवढंच, एकदा. मी खाली बघितलं. साहेब खिडकीकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच विचार : आता या माझं नाव घेणार.

"हे चुकलंय," बाई म्हणाल्या. "चार वेळा बंद पडला. चूक माझी. सही केली आणि वाचलं नाही."

आणि त्यांनी पिशवीतून मराठी वही काढली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "मंगळवार. भांडुप. साडेसात. फिल्टर तुंबला. एअर काढायला पाऊण तास. दोन टोपल्या बांगडा फुटपाथवर विकला. शनिवार. मुलुंड नाका. परत तेच. आज सुरमई होती, विकायला जास्त वेळ लागला..." चारही वाचले. पिकल्या केसांचे गृहस्थ हसायला लागले ते थांबेनात. तरुण दोघे हसले नाहीत.

"पण हे सुटेल ना?" त्यांतल्या एकाने विचारलं. "समजा सुटलं. मोठ्या कारखान्याला माल किती मिळेल? पडलेल्या काटक्यांवर भागेल?"

"नाही भागणार," बाई म्हणाल्या. "तुमच्या चित्रातल्या कारखान्याला भागणार नाही. त्याला उभी झाडं लागतील. ती पाहिजे असतील तर दुसरं माणूस बघा. छोटे छोटे कारखाने काढा, जंगलाच्या कडेला, जेवढं पडतं तेवढंच घ्या. त्यावर मुंबईच्या सगळ्या गाड्या चालायच्या नाहीत. मासळीचे टेम्पो चालतील."

"कळवतो," असं म्हणून ते गेले.

साहेब आम्हाला सोडायला फाटकापर्यंतही आले नाहीत. परत येताना टेम्पोत मी रडत होते. मंगळाताईला वाटलं, सौदा फिसकटला म्हणून. बाई मध्ये बसल्या होत्या. पवई आली. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला, घावने आणि चटणी, आणि माझ्या मांडीवर ठेवला. "खा. सकाळपासून काही खाल्लं नाहीस." मी खाल्लं. त्या विषयावर त्यांनी तेव्हा काही विचारलं नाही, नंतरही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्या रिपोर्टची सगळी पानं वाचायला लागल्या, डिक्शनरी शेजारी घेऊन, आणि मला ते वाचताना बघणं ही शिक्षा पुरेशी होती.

पंधरा दिवस साहेब बाईंशी माझ्यामार्फत बोलत होते. "त्यांना सांग, लाइटचं बिल जास्त आलंय." बाई त्याच खोलीत. "साहेब, मी ऐकतेय." "त्यांना सांग, मला माहीत आहे."

सोळाव्या दिवशी गाळ्याच्या दारात पिकल्या केसांचे ते गृहस्थ एकटेच उभे होते. हातात छत्री, मांजरांच्या घोळक्यात.

"ते चार फिल्टर फेकलेत का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी चारही डबे आणून टेबलावर मांडले. वर चिठ्ठ्या : वार, वेळ, तेल कुठल्या दिवशी काढलेलं. ते गृहस्थ आयुष्यभर इंजिनांवर काम केलेले. दोघं संध्याकाळपर्यंत भिंगाखाली तो गोंद बघत, तारखा जुळवत बसले. आणि मग साधीच गोष्ट निघाली. ज्या ज्या दिवशी टेम्पो बंद पडला, त्या त्या दिवशीचं तेल जुनं होतं. महिना महिना तापलेल्या पत्र्याच्या शेडखाली पिंपात पडलेलं. चांगल्या दिवशीचं तेल ताजं. मीटिंगच्या दिवशी बाईंनी मुद्दाम आदल्या दिवशीचं घातलं होतं, फक्त पाहुणे येणार म्हणून, घरात ताजं दूध आणावं तसं.

"तेल शिळं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "आंबतं."

तेवढ्यात मंगळाताई पापलेट द्यायला आली होती. तिने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "येवरंच? मना इचारायचं ना. ताजं घाल, थंड ठेव. म्हावऱ्याला काय वेगलं करतंय मी?"

तो तक्ता राहिला असता तर पाहुण्यांना तो आधीच दिसला असता आणि फिल्टरचा प्रश्न मीटिंगमध्येच निघाला असता, एवढं मला कळत होतं. पण त्या संध्याकाळी मला तेही बोलवेना. सगळे इतके आनंदात होते. साहेब दिंडोशीहून धावत आले आणि दारातूनच थेट बाईंना म्हणाले, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "हिला विचारा." पंधरा दिवसांचा सूड त्यांनी तेवढ्यात उरकून घेतला.

मोठा कारखाना झाला नाही. त्या कंपनीने मुरबाडच्या पुढे जंगलाच्या कडेला एक छोटा काढला, तीन गावांतल्या बायका काटक्या आणतात, काढलेलं तेल आठवड्याच्या आत तिथल्याच ट्रॅक्टर-टेम्पोंत जातं. बाई कांदिवलीचं घर भावाच्या मुलाला देऊन तिथे राहायला गेल्या. कांजूरचा गाळा आता मसालेवाल्यांकडे आहे. मी घाटकोपरला एका लॅबमध्ये आहे, लोकांनी केलेल्या चाचण्या तपासण्याचं काम करते.

गेल्या हिवाळ्यात मी मुरबाडला गेले. बाई थोड्या वाळल्यात, केसांत आता ऐनाची काटकी. कारखाना दाखवून झाला, जेवण झालं, आणि अंगणात बसलो असताना मी सांगून टाकलं. इतकी वर्षं बोलायचं राहिलेलं. की तो तक्ता मी काढला होता, साहेबांनी सांगितलं म्हणून, आणि मी नाही म्हणू शकले असते.

"माका ठाव होता," बाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तू खाली बघितलंस तेव्हापासून."

"मग माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी सुपारी कातरायला घेतली. "तुझं नाव नवीन होतं गो. पहिल्याच नोकरीत त्याच्यावर डाग पडला असता तर तो पुढेही तुझ्याबरोबर गेला असता. माझं नाव जुनं. जुन्या भांड्याला एक पोचा आला तर कोण बघतंय?" मग एकदम हसायला लागल्या. "आणि मी काय शूर नव्हते हां. वाटलं, आता नोकरी गेली, गाळा गेला, सगळ्यांचा संसार मी बुडवला. वही वाचत सुटले ती म्हणून. काय बोलावं तेच सुचत नव्हतं."

मीही हसले. मग दोघी इतक्या हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं कुठलं कशाचं ते मी बघत बसले नाही.

बाहेर ट्रॅक्टर येऊन थांबला. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला.

"ऊठ," बाई म्हणाल्या. "आज तू भर."

मी आतून कॅन आणला, टाकीचं झाकण काढलं आणि तेल ओतायला लागले. सकाळीच काढलेलं होतं. कॅनला अजून ऊब होती.